मोबाईल फोनसाठी गावात आठवड्याची बैठक हवी

छत्रपती संभाजीनगर शहरातील औरंगपुरा हा भाग जिल्ह्यातील शेतकऱ्यांस अपरिचित नाही. जिल्हा परिषदेचे ठाणे येथेच आहे, सरस्वती भुवनसारखी जुनी शिक्षणसंस्था येथेच आहे आणि गुलमंडी व पैठण गेट येथील बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, खुलताबाद, सिल्लोड, सोयगाव, फुलंब्री अशा तालुक्यांतून कामानिमित्त शहरात आलेला शेतकरी एके काळी अर्ज लिहून देणारा माणूस शोधीत असे. आज तो फोन चालवून देणारा माणूस शोधतो. झेरॉक्सच्या दुकानात तो आपला फोन दुकानदारापुढे ठेवतो आणि म्हणतो, “भाऊ, तेवढं भरून द्या. आकडा आला की सांगतो.” हा आकडा म्हणजे ओटीपी. जमीन शेतकऱ्याच्या नावाची, बँकेतील खाते त्याचे, फोनही त्याच्याच पैशाने घेतलेला. परंतु त्यावर फिरणारे बोट मात्र परक्याचे, अशी ही स्थिती आहे.

गावात गेल्यास फारसे वेगळे दृश्य दिसत नाही. तेथे दुकानदाराच्या जागी गावपातळीवरील सेवक असतो, एवढाच काय तो फरक. सेवक सद्‌भावनेने फोन हातात घेतो, झटपट माहिती भरतो, आलेला ओटीपी विचारून घेतो आणि काम उरकून पुढच्या घरी जातो. शेतकरी समाधानी होतो, सेवकाच्या तक्त्यात एक आकडा वाढतो आणि काम झाले असे सर्वांस वाटते. प्रत्यक्षात त्या शेतकऱ्यास दोन गोष्टी शिकविल्या गेल्या, आणि त्या दोन्ही घातक आहेत. पहिली, फोन हे आपल्याला न समजणारे यंत्र आहे. दुसरी, सरकारी माणसाने विचारल्यास ओटीपी सांगावयाचा असतो.

हे मत प्रथमदर्शनी कठोर वाटेल. सेवक प्रामाणिक असेल तर त्याला ओटीपी सांगण्यात बाध काय, असे विचारले जाते. बाध सेवकात नाही, सवयीत आहे. ज्याने दहा वेळा भल्या माणसाला ओटीपी सांगितला, तो अकराव्या वेळी “कृषी कार्यालयातून बोलतो, तुमचा हप्ता अडकला आहे” असे फोनवर म्हणणाऱ्या अनोळखी माणसालाही तो सांगणारच. ठगाला वेगळी वाट पाडावी लागत नाही. आपण पाडलेल्या वाटेनेच तो येतो. यास्तव ही वाट बंद करण्याची पहिली जबाबदारी खात्याच्या व ग्रामपंचायतीच्या सेवकांवर येते.

फोन आता शेतीचे अवजार आहे

फोन ही करमणुकीची वस्तू आहे, तो आला नाही तरी शेतकऱ्याचे काय अडते, हा समज आता सोडून दिला पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद सात-बारावर करण्याचे काम शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आले. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. पीएम किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार रुपये तीन हप्त्यांत खात्यावर जमा होतात. त्यासाठी ई-केवायसी करावी लागते आणि ओटीपीच्या मार्गाने ती करावयाची झाल्यास आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यास ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ज्याची नोंदणी राहिली, त्याला आपला कापूस व्यापारी देईल त्या दराने विकावा लागणार, हे उघड आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभ्या पिकांची काय दशा केली, ते सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळी शेतात कोणते पीक उभे होते, याची सरकारदप्तरी झालेली नोंद हा शेतकऱ्याचा मोठा आधार असतो. ती नोंद वेळेवर व बिनचूक होणे हे खत वेळेवर देण्याइतकेच महत्त्वाचे काम झाले आहे. तात्पर्य, तिफण, पंप व फवारणी यंत्र यांच्या पंक्तीत आज फोनही बसला आहे. नवी तिफण गावात आली म्हणजे कृषी खात्याचा माणूस गावाची सारी पेरणी स्वतः करून देत नाही; तो एका शेतात प्रात्यक्षिक दाखवितो आणि चाड्यावरील मूठ शेतकऱ्याच्या हाती देतो. फोनच्या बाबतीत हा साधा नियम आपण विसरलो आहोत.

१९५६ सालचा धडा

नव्या साधनाचा उपयोग गावाने मिळून शिकावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्यामुळे या भागातील गावे त्यात नव्हती. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडेपर्यंत, गावातील मंडळी ठरलेल्या वेळी रेडिओभोवती बसत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि तो संपताच त्यावर आपसांत चर्चा करीत. चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राकडे कळविले जात व पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा, जेथे मंडळ बसून चर्चा होत असे, तेथील लोकांच्या ज्ञानात झालेली भर लक्षणीय होती. पुढे १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

त्या वेळी गावात रेडिओ एक होता आणि ऐकणारे अनेक. आज घरोघरी फोन आहेत, पण त्यावर आलेल्या निरोपाची चर्चा करणारे मंडळ नाही. प्रत्येकजण आपल्या फोनशी एकटा आहे. ठग नेमका या एकटेपणावर जगतो. “कोणास सांगू नका, दहा मिनिटांत करा” हे त्याचे ठरलेले वाक्य असते. कारण चार माणसांत बसून वाचलेला खोटा निरोप टिकत नाही. सबब प्रत्येक गावात आठवड्यातून एकदा, एक तास, फोनची बैठक भरावी, अशी मागणी ग्रामपंचायतींनी व खात्याच्या सेवकांनी मिळून पुढे आणली पाहिजे.

बैठकीत काय व्हावे

बैठकीसाठी निराळी इमारत, पडदा वा अनुदान नको. ग्रामपंचायतीचा ओटा किंवा शाळेचा व्हरांडा पुरेसा आहे. हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होत असल्यामुळे शुक्रवारची सायंकाळ सोयीची ठरेल. बाजारचा दिवस आडवा येत असल्यास गावाने दुसरा वार ठरवावा. तासाचे चार भाग पाडावेत.

पहिला भाग हवामानाचा. २०१९ साली सुरू झालेल्या ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा अंदाज व पिकांचा सल्ला मिळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्लाही मराठीत प्रसिद्ध होतो. तो एकाने मोठ्याने वाचावा आणि आपल्या शिवारात त्याचा अर्थ काय, हे इतरांनी बोलावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याच्या धोक्याची सूचना देते. ते पावसाळ्यापूर्वीच गावातील अधिकाधिक फोनांत असावे. सूचना मिळताच झाडाखाली आसरा न घेता पक्क्या घराकडे जावयाचे, हेही त्याच वेळी सांगावे. फवारणीबाबत मात्र एक पथ्य पाळावे. ॲपने, चित्रफितीने वा शेजाऱ्याने काहीही मात्रा सांगितली तरी औषधाच्या डब्यावरील लेबल वाचल्याखेरीज पंप भरू नये. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनामूल्य विचारावे.

दुसरा भाग मुदतींचा. कोणत्या कामाची शेवटची तारीख जवळ आली, हे फळ्यावर लिहावे. येथे जुन्या निरोपांपासून विशेष सावध राहिले पाहिजे. एक रुपयात पीकविमा ही सोय खरीप २०२३ पासून होती व खरीप २०२५ पासून ती बंद झाली. तिची जाहिरात करणारा जुना निरोप आजही कोणी पुढे धाडला तर वाचणारा फसेल. निरोपावर तारीख नसेल आणि तो कोणत्या कार्यालयाचा आहे हे कळत नसेल, तर त्यावर विसंबू नये व तो पुढेही पाठवू नये.

तिसरा भाग एका धड्याचा. दर आठवड्यास एकच गोष्ट शिकवावी आणि ती प्रत्येकाने आपल्या फोनवर, आपल्या बोटाने करून पाहावी. सेवकाने हात पाठीमागे बांधून उभे राहावे, असे म्हटले तरी चालेल. दहा आठवड्यांचे दहा धडे सहज निघतात. फोनला कुलूप कसे लावावे. भरलेली जागा कशी मोकळी करावी. पुष्कळांचा फोन मंद होतो तो सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी व चित्रफितींनी, म्हणून व्हॉट्सॲपवर ती आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. ॲप नेहमी अधिकृत प्ले स्टोअरवरूनच घ्यावे व त्याची नवी आवृत्ती तेथूनच घ्यावी. पीक पाहणीचे जुने ॲप ऐन वेळी चालत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. पीक पाहणी करताना फोनचे स्थानदर्शन चालू करून प्रत्यक्ष आपल्या गटात उभे राहावे, घरी बसून ती होत नाही. सात-बारा स्वतः उघडून पीक बरोबर नोंदले गेले की नाही, ते पाहावे. उन्हात बांधावर ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि त्याची बॅटरी लवकर खराब होते, म्हणून तो सावलीत ठेवावा. फवारणीचे हात साबणाने धुतल्याशिवाय फोनला लावू नयेत, कारण तोच फोन पुढे कानाला व लेकराच्या हाती जातो.

आधारशी जोडलेला क्रमांक जिवंत ठेवणे, हा एक धडा स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. स्वस्त योजना मिळाली म्हणून सिमकार्ड बदलण्याची सवय गावांत आहे. सुमारे तीन महिने न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करू शकते व पुढे तो दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. मग आपल्या नावाचे ओटीपी परक्याच्या फोनवर जातात आणि आपले काम अडते. क्रमांक बदलावयाचाच असेल तर प्रथम आधार केंद्रावर व बँकेत नवा क्रमांक नोंदवावा, नंतरच जुना सोडावा.

चौथा भाग त्या आठवड्यातील फसवणुकीचा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा होय. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या, वाहनाच्या दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ही पत्रिकाही नव्हे व यादीही नव्हे. ते एक ॲप असते. ते उघडून बसविताच ते फोनमधील संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेकडून येणारे ओटीपी ते गुपचूप ठगाकडे धाडते. ओळखीच्या माणसाकडून फाईल आली म्हणजे ती निर्धोक, असेही समजू नये; कारण त्याचा फोन आधीच ठगाच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अशी फाईल न उघडता पुसून टाकावी आणि पाठविणाऱ्यास फोन करून सावध करावे.

दुसरा नियम यूपीआयचा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठीच. “तुमच्या खात्यात पैसे टाकतो, फक्त पिन दाबा” असे म्हणणारा माणूस पैसे नेण्यासाठीच आलेला असतो. धान्य, जनावरे वा जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी हे एक वाक्य घरातील सर्वांस पाठ करून द्यावे.

एवढे करूनही कोणी फसला तर काय करावे? फोनचा इंटरनेट तत्काळ बंद करावा, दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवून खात्यावरील व्यवहार थांबवावेत. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच अडविण्याची शक्यता अधिक. येथे खरा अडथळा यंत्राचा नाही, लाजेचा आहे. फसलेला माणूस गावात हसू होईल म्हणून दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात. चोरी झालेल्या घराला गाव हसत नाही, धावून जाते. या चोरीलाही तोच न्याय लावला पाहिजे. ज्या बैठकीत फसलेला शेतकरी उठून आपली हकीकत मोकळेपणाने सांगू शकेल, ती बैठक कोणत्याही जाहिरात फलकापेक्षा अधिक काम करील.

शंका व उत्तरे

सेवकांवर आधीच कामाचा भार आहे, त्यांत ही बैठक कशाला, अशी तक्रार होईल. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे अनेक गावे असतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद साचलेले असतात, हे खरे आहे. परंतु तोच प्रश्न चाळीस घरी चाळीस वेळा सोडविण्यापेक्षा तो चाळीस जणांत एकदा सोडविणे कमी वेळेचे आहे. शिवाय दर बैठकीस सेवक हजर असलाच पाहिजे असे नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्याने घडी बसवून द्यावी आणि पुढे बचत गटातील एखादी भगिनी, माध्यमिक शिक्षक किंवा गावातील शिकलेला तरुण यांनी ती चालवावी.

तरुण मुलांना फोन येतोच, मग शिकवावयाचे काय, असेही म्हटले जाते. मुलांना चित्रफिती पाहता येतात. सात-बारावरील पिकाची नोंद तपासता येते काय, हे विचारून पाहावे. उलट गट क्रमांक, हद्द व पीक यांची खरी माहिती म्हाताऱ्या माणसास असते. दोघे एका बाजेवर बसले तरच नोंद बिनचूक होते. ज्या घरातील जमीन स्त्रीच्या नावावर आहे, त्या घरातील फोन व ओटीपी तिच्याच हाती असावा, हेही बैठकीत आवर्जून सांगावे.

आणि ज्याच्याजवळ फोनच नाही, ज्याची दृष्टी अधू आहे, त्याचे काय? त्याला मदत मिळालीच पाहिजे. अशा माणसाची यादी बैठकीनेच करावी. त्याचे काम करताना जवळचा नातेवाईक शेजारी बसवावा, प्रत्येक पायरी मोठ्याने सांगावी आणि कागद, आकडे किंवा पासवर्ड मदत करणाऱ्याने आपल्या फोनमध्ये ठेवू नयेत.

शेवटी सेवकांनी स्वतःच्या घराकडेही पाहावे. ग्रामपंचायतीच्या संगणकाचा पासवर्ड पडद्यालाच चिकटविलेला असेल, तर शेतकऱ्यास शहाणपण सांगण्याचा अधिकार राहत नाही. विंडोज १० या प्रणालीस कंपनीकडून मिळणारा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या कार्यालयातील संगणक अद्याप त्याच प्रणालीवर चालतात, त्यांनी तालुक्यास लेखी कळवून व्यवस्था करून घ्यावी. लोकांचे दाखले व आधारच्या प्रती ज्या यंत्रात आहेत, ते यंत्र उघडे ठेवणे म्हणजे गावाच्या कोठाराला कडी न लावणे होय. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपने पाठविलेली आधारची प्रत छापून होताच दुकानदाराकडून डोळ्यांदेखत पुसून घ्यावी, ही सवयही गावकऱ्यांस लावता येईल.

बैठकीचे यश किती ॲप उतरविली गेली यावर मोजू नये. औरंगपुऱ्याच्या दुकानापुढे फोन ठेवून “तेवढं भरून द्या” म्हणणारा शेतकरी सहा महिन्यांनी तेथे केवळ छापील प्रत घेण्यास आला आणि दुकानदाराने ओटीपी विचारताच “तो मी कोणालाच सांगत नाही, भाऊ” असे शांतपणे म्हणाला, तर बैठक सफल झाली असे समजावे. हेच उत्तर त्याने सरकारी सेवकासही दिले, तर सेवकाने राग मानू नये. आपले शिकविणे कामी आले, याचा आनंद मानावा.